'आर यू कन्व्हीनियंट?' : चिनी भाषकांना 'कन्व्हीनियंट' नीट वापरायला कसं शिकवावं

चीन, तैवान किंवा हाँगकाँगच्या माणसांशी ज्यांचं रोजचं काम पडतं, त्यांच्या कानावरून हे वाक्य गेलेलं असतंच: 'आर यू कन्व्हीनियंट नाऊ?' विचारायचं असतं 'आत्ता तुम्हाला सोयीचं आहे का?', पण इंग्रजीत त्याचा अर्थ 'तुम्ही सोयीचे आहात का?' असा होतो. रांजणगाव-चाकणच्या चिनी कारखान्यांत काम करणारे, चिनी पुरवठादारांकडून माल मागवणारे, सिंगापूरला स्थायिक झालेले, ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे, सगळ्यांना ते ओळखीचं आहे. अर्थ कळतो, काम अडत नाही, म्हणून आपण दुरुस्त करत नाही.

मला मात्र ते दुरुस्त करावं असं मनापासून वाटतं. हा शब्द दिवसातून दहा ठिकाणी लागतो. फोन करताना, मीटिंग ठरवताना, पत्ता सांगताना, नकार देताना. उत्तम काम करणारा इंजिनिअर किंवा अकाउंटंट या एका शब्दापायी कच्च्या इंग्रजीचा ठरतो, आणि काही ठिकाणी तर समोरच्याला भलताच अर्थ लागतो. शिवाय ही चूक दोन-तीन तासांच्या नेटक्या सरावाने सुटते. त्यासाठी शिकवणाऱ्याला चिनी यायला हवी असंही नाही. चूक कुठून येते तेवढं कळलं की पुरतं.

पायरी पहिली : आधी त्यांचं वाक्य समजून घ्या

मँडरिनमधला, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेतला, शब्द आहे 'फांगब्येन'. (त्यातला 'ब' प्रत्यक्षात आपल्या 'प'च्या जवळचा ऐकू येतो.) फोनवर विचारतात, 'नी फांगब्येन मा?' 'नी' म्हणजे तू किंवा तुम्ही, 'मा' म्हणजे आपलं प्रश्नाचं 'का'. मधे 'आहे' नाही. चिनी विशेषणाला 'आहे'ची गरजच लागत नाही, ते स्वतःच क्रियापदाचं काम करतं. आणि वाक्यात पहिल्यांदा जे येतं तो कर्ताच असतो असंही नाही. बऱ्याचदा तो बोलण्याचा विषय असतो. म्हणजे 'नी फांगब्येन मा?' याचा भाव 'तुमचं म्हणाल तर, सोय आहे का?' असा आहे. त्यांच्या भाषेत हे वाक्य शुद्ध आहे, सभ्य आहे, आणि समोरच्याच्या वेळेची कदर करणारं आहे. विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा सांगा. आपण काही अडाणीपणा करतोय ही भावना गेली की माणूस लवकर शिकतो.

कँटनीजमध्ये शब्द तोच, लिहायचा तसाच, फक्त उच्चार 'फोंगबिन'च्या जवळ जातो. म्हणून हाँगकाँगच्या माणसाच्या इंग्रजीतही हीच चूक दिसते.

आता एक गोष्ट शिक्षकाने मुद्दाम लक्षात घ्यावी. चीनमध्ये शाळेत इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांना नियम पाठ असतो. 'कन्व्हीनियंटचा कर्ता माणूस नसतो' हे त्यांच्या व्याकरणाच्या वह्यांत लिहिलेलं असतं, आणि त्यावरचे पर्यायी प्रश्न त्यांनी सोडवलेले असतात: 'कम अँड सी मी व्हेनेव्हर' याच्या पुढे 'यू आर कन्व्हीनियंट' की 'इट इज कन्व्हीनियंट टु यू'? कागदावर ते बरोबर पर्यायाला खूण करतात. फोन वाजला की तोंडातून पहिलाच पर्याय येतो. तेव्हा नियम पुन्हा सांगण्यात वेळ घालवू नका. नियम त्यांच्याकडे आहे, सवय नाही.

पायरी दुसरी : ते वाक्य इंग्रजी कानाला कसं लागतं ते मराठीतून जाणवून घ्या

इथे आपल्याला एक फायदा आहे. मराठीत आपण 'मला सोमवार सोयीचा आहे' म्हणतो. सोयीचा आहे तो सोमवार. माणूस 'मला' होऊन बाजूला उभा राहतो. इंग्रजीची रचना नेमकी हीच: 'मंडे इज कन्व्हीनियंट फॉर मी.' त्यामुळे ही चूक मराठी माणसाच्या तोंडून सहसा होत नाही, आणि म्हणूनच दुसरा ती का करतो हे आपल्याला चटकन कळत नाही.

आता 'मी सोयीचा आहे' असं म्हणून बघा. पक्षाला सोयीचा उमेदवार, साहेबांना सोयीचा माणूस. कोणाला तरी वापरून घ्यायला बरा पडणारा. 'आय अ‍ॅम कन्व्हीनियंट' ऐकताना इंग्रजी भाषकाच्या मनात हीच छटा चाटून जाते. 'आर यू कन्व्हीनियंट टुनाइट?' हे एखाद्या स्त्रीला विचारलं तर ते किती अवघड वाटू शकतं, हेही यातून कळेल. विद्यार्थी सज्ञान असतील तर हे त्यांना स्पष्ट सांगावं. लाजून टाळलं तर धोका त्यांच्याच वाट्याला येतो.

शब्दाचं मूळही मदतीला येतं. लॅटिनमध्ये 'कॉनव्हेनिरे' म्हणजे एकत्र येणं, जुळणं. इंग्रजीतही पूर्वी 'कन्व्हीनियंट'चा अर्थ 'उचित, साजेसं' असा होता. म्हणजे एखादी वेळ, जागा किंवा व्यवस्था माणसाच्या गरजेशी जुळते, आणि जी जुळते तिला हे विशेषण लागतं. ज्याच्याशी जुळते त्याला लागत नाही.

पायरी तिसरी : 'माणूस नको' म्हणण्याऐवजी 'काय सोयीचं?' विचारा

'कर्ता माणूस नको' हा नियम विद्यार्थ्याला अडवतो, पण पुढे काय म्हणायचं ते सुचवत नाही. वाक्य अर्ध्यावर थांबतं, तो गोंधळतो आणि पुन्हा जुन्या वाटेने जातो. माझ्या अनुभवात एकच प्रश्न उपयोगी पडतो: काय सोयीचं? 'व्हॉट इज कन्व्हीनियंट?' विद्यार्थी 'आर यू कन्व्हीनियंट' म्हणाला की चूक म्हणू नका, एवढंच विचारा. त्याला उत्तर शोधावं लागतं. शुक्रवार? दुपारी तीन? हे हॉटेल? की फोन करणं?

उत्तर नाम असेल तर ते सरळ पुढे आणायचं:

'इज फ्रायडे कन्व्हीनियंट फॉर यू?'
'थ्री ओ'क्लॉक इज नॉट कन्व्हीनियंट फॉर मी.'
'दॅट हॉटेल वुड बी मोअर कन्व्हीनियंट फॉर अवर गेस्ट्स.'

उत्तर एखादी कृती असेल, म्हणजे 'येणं', 'फोन करणं', 'पैसे भरणं', तर पुढे 'इट' ठेवायचं आणि कृती मागे न्यायची:

'इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टु टॉक नाऊ?'
'इट इज मोअर कन्व्हीनियंट टु पे बाय फोन.'

या दुसऱ्या साच्यात 'फॉर यू' आणि 'टु टॉक' यांचा क्रम चिनी विद्यार्थी उलटा करतात किंवा 'फॉर' गाळतात. तीन तुकडे कागदाच्या तीन चिठ्ठ्यांवर लिहून द्या: 'इट इज कन्व्हीनियंट', 'फॉर मी', 'टु कम ऑन मंडे'. मधली चिठ्ठी काढली तरी वाक्य उभं राहतं, पहिली काढली तर राहत नाही. हे हाताने केलं की नुसत्या समजावण्यापेक्षा लवकर बसतं.

तिसरी जागा म्हणजे नामाच्या आधी: 'अ कन्व्हीनियंट टाइम', 'अ कन्व्हीनियंट प्लेस टु मीट'. ही सोपी आहे, इथे ते सहसा चुकत नाहीत.

घाईच्या मेसेजसाठी आणखी एक रचना जरूर द्या: 'कॉल मी व्हेन कन्व्हीनियंट.' 'इफ कन्व्हीनियंट, सेंड द फाइल टुडे.' यात कर्ताच नाही, त्यामुळे चुकायला जागा नाही, आणि चिनी वाक्याच्या तुटकपणाशी तिचं छान जमतं. वीचॅटवर दिवसभर लिहिणाऱ्यांना ही लगेच आवडते.

'फॉर' की 'टु' यावर फार वेळ घालवू नये. माणसासाठी 'फॉर' ठेवा. 'कन्व्हीनियंट टु यू' हेही बरोबर आहे, पण जरा जुन्या, औपचारिक वळणाचं. ठिकाणाच्या बाबतीत मात्र ब्रिटिश आणि अमेरिकन सवयी वेगळ्या आहेत. 'द फ्लॅट इज कन्व्हीनियंट फॉर द स्टेशन' हे ब्रिटिश, 'कन्व्हीनियंट टु द स्टेशन' हे अमेरिकन. या अर्थाने, म्हणजे 'जवळ, जायला-यायला बरं' या अर्थाने, ब्रिटिश माणूस 'वुई आर व्हेरी कन्व्हीनियंट फॉर द स्टेशन' असंही म्हणतो. इथे 'वुई' म्हणजे आमचं घर. हुशार विद्यार्थी हे कुठेतरी वाचून तुमच्यापुढे ठेवेल, तेव्हा उत्तर तयार असावं.

पायरी चौथी : माणसापासूनच सुरुवात करायची असेल तर दुसरे शब्द द्या

चिनी मन 'तुम्ही'पासून सुरू होतं आणि ते स्वाभाविक आहे. त्याला दरवेळी वळवत बसण्यापेक्षा माणसाला चालणारे शब्द हातात द्यावेत. 'आर यू फ्री टुमारो?' 'आर यू अव्हेलेबल ऑन थर्सडे?' यातलं 'फ्री' सगळीकडे चालतं, 'अव्हेलेबल' ऑफिसात शोभतं. 'डझ फोर ओ'क्लॉक वर्क फॉर यू?' आणि 'वुड ट्यूसडे सूट यू?' हेही द्या, पण आधी पहिली दोन पक्की होऊ द्यात.

फोन उचलल्यावर विचारायचं वाक्य वेगळं आहे आणि ते जसंच्या तसं पाठ करून घ्यावं: 'इज धिस अ गुड टाइम?' मूळ इंग्रजी बोलणारे बहुधा हेच म्हणतात. 'इज इट कन्व्हीनियंट फॉर यू टु टॉक?' शुद्ध आहे, फक्त जरा ताठ.

सराव खऱ्या कामावर घ्या. भारत आणि चीन यांच्या घड्याळात अडीच तासांचा फरक आहे, आणि पूर्ण चीनमध्ये वेळ एकच चालते. पुण्यात दुपारचे साडेतीन म्हणजे शांघायला संध्याकाळचे सहा. चिनी ऑफिसांत दुपारच्या जेवणानंतर थोडी विश्रांती घेण्याची पद्धत आहे, तेव्हा आपल्याकडे सकाळचे दहा-साडेदहा झालेले असतात, आणि आपण नेमके तेव्हाच फोन लावतो. दोघांनी मिळून एक मीटिंग ठरवायची, तीन वेळा सुचवायच्या, दोन नाकारायच्या. 'आय अ‍ॅम अफ्रेड हाफ पास्ट टेन युवर टाइम इज नॉट कन्व्हीनियंट फॉर अस. इट इज अवर लंच ब्रेक. वुड ट्वेल्व्ह वर्क फॉर यू?' असं एक संभाषण नीट झालं की पुस्तकातली वीस वाक्यं लागत नाहीत.

पायरी पाचवी : 'फांगब्येन' जिथे जातो तिथे 'कन्व्हीनियंट' जात नाही

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक शिकवण्यांत हेच राहून जातं. विद्यार्थ्याने शाळेत 'फांगब्येन म्हणजे कन्व्हीनियंट' अशी जोडी पाठ केलेली असते. पण 'फांगब्येन'चा पसारा फार मोठा आहे. तो शब्द मुळात किती मानाचा आहे तेही पाहा: बौद्ध ग्रंथांचे चिनी अनुवाद झाले तेव्हा संस्कृत 'उपाय' या संज्ञेसाठी हाच शब्द वापरला गेला. कुमारजीवाने इसवी सन 406 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचा अनुवाद केला, त्यातल्या दुसऱ्या प्रकरणाचं, म्हणजे मुळातल्या 'उपायकौशल्या'चं, चिनी नाव 'फांगब्येन' असंच आहे. ऐकणाऱ्याची कुवत पाहून शिकवण्याची रीत, असा तिथला अर्थ. तिथपासून झटपट नूडल्सपर्यंत ('फांगब्येन म्येन') या शब्दाने मजल मारली आहे. इंग्रजी शब्दाने तसा प्रवास केलेला नाही. म्हणून एकेक अर्थ सुटा करून त्याला वेगळं इंग्रजी वाक्य द्यावं लागतं.

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते 'द ट्रॅफिक इज व्हेरी कन्व्हीनियंट'. चिनीत 'ज्याओथोंग हन फांगब्येन' म्हणतात. 'ज्याओथोंग'मध्ये रहदारी, बस, मेट्रो, रस्ते, येण्याजाण्याच्या सगळ्या सोयी येतात. इंग्रजी 'ट्रॅफिक'मध्ये फक्त रस्त्यावरच्या गाड्या. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, वाहनांची कोंडी कोणाला तरी सोयीची आहे. इथे दोन्ही शब्द बदलावे लागतात: 'पब्लिक ट्रान्सपोर्ट इज गुड हिअर', किंवा त्याहून सहज 'इट इज ईझी टु गेट हिअर'. घर भाड्याने देणाऱ्या, हॉटेल चालवणाऱ्या, पाहुण्यांना कारखान्यावर बोलावणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य लागतं.

मग प्रकृतीची गोष्ट. आजोबांना चालायला त्रास होतो हे चिनीत 'पाय फांगब्येन नाहीत' अशा धर्तीवर सांगतात. बोलायची ही हळुवार रीत आहे. पण 'हिज लेग्ज आर नॉट कन्व्हीनियंट' ऐकून इंग्रजी माणूस चक्रावतो. 'ही हॅज ट्रबल वॉकिंग' किंवा 'शी कान्ट गेट अराउंड ईझिली' म्हणावं. विमानतळावर व्हीलचेअर मागताना हे वाक्य बरोबर असणं किती गरजेचं आहे ते सांगायला नको.

पैशाची चणचण असली तर 'हाताशी फांगब्येन नाही' म्हणतात, आपल्या 'सध्या हात जरा आखडलाय'सारखं. इंग्रजीत 'आय अ‍ॅम अ बिट शॉर्ट धिस मंथ'. आणि स्वच्छतागृहात जायचं असेल तरी 'जरा फांगब्येन करून येतो' म्हणतात. इंग्रजीतही एकेकाळी हा मार्ग होता. ब्रिटनमध्ये सार्वजनिक शौचालयावर 'पब्लिक कन्व्हीनियन्सेस' अशी पाटी असते. पण ते नाम, आणि तेही पाटीवरचं. बोलताना 'एक्स्क्यूज मी फॉर अ मोमेंट' एवढं पुरे. 'सध्या फांगब्येन नाही' हे स्त्रियांच्या पाळीबद्दलही आडून बोललं जातं. पोहायला किंवा सहलीला नाही म्हणताना कोणी 'आय अ‍ॅम नॉट कन्व्हीनियंट टुडे' म्हणाली तर खोदून विचारू नये, 'आय वोन्ट जॉइन टुडे' एवढं वाक्य तिला द्यावं.

आता सर्वांत महत्त्वाचा अर्थ, आणि व्यवहारात नुकसान करणारा. 'बु फांगब्येन', म्हणजे 'फांगब्येन नाही', हा चिनीतला मऊ नकार आहे. 'सांगायला फांगब्येन नाही' याचा अर्थ 'सांगता येणार नाही, विचारू नका'. पुरवठादार मेलमध्ये लिहितो: 'इट इज नॉट कन्व्हीनियंट टु टेल यू द कॉस्ट.' आपला खरेदी विभागातला माणूस ते वेळेच्या अंगाने वाचतो. आत्ता गडबडीत असेल, पुढच्या आठवड्यात सांगेल. तो आठवडाभर थांबतो, मग आठवण करून देतो, मग चिडतो. तिकडचा माणूसही चिडतो, कारण त्याच्या लेखी त्याने नाही म्हणून झालेलं असतं. चूक दोघांचीही नाही. इंग्रजीत 'नॉट कन्व्हीनियंट'मध्ये 'आत्ता नको, नंतर चालेल' असा सूर असतो, चिनीत तसा असेलच असं नाही.

शिकणाऱ्याला इथे नकाराची सरळ पण सभ्य वाक्यं द्या: 'आय अ‍ॅम अफ्रेड आय कान्ट शेअर दॅट.' 'आय'ड रादर नॉट से.' आणि तुम्ही स्वतः वाचणारे असाल, तर असं वाक्य आलं की एकदा स्पष्ट विचारा: हे पुढे कधी सांगू शकाल, की मुळीच नाही?

'जरा फांगब्येन करून द्या' अशी विनवणीही असते. नियमात थोडी सूट द्या, अडवू नका, या अर्थाने. त्याला 'गिव्ह मी सम कन्व्हीनियन्स' म्हणू नये. 'कुड यू मेक अ‍ॅन एक्सेप्शन?' म्हणावं.

हे सगळं एका तासात शिकवू नका. विद्यार्थ्याच्या आयुष्यात जे दोन अर्थ रोज लागतात तेवढे आधी घ्या. घरी म्हातारी माणसं असतील तर पायांचं, विक्रीत असेल तर नकाराचं.

पायरी सहावी : 'कन्व्हीनियन्स' हे नाम

चिनीत 'फांगब्येन' हाच शब्द विशेषण, नाम आणि क्रियापद तिन्ही होतो. इंग्रजीत रूप बदलतं हे त्यांना माहीत असतं, तरी 'कन्व्हीनियंट स्टोअर' हमखास येतं. सोपा खुलासा असा: 'कन्व्हीनियन्स स्टोअर' हा दुकानाचा प्रकार आहे, लहान, बराच वेळ उघडं, घराजवळचं. 'अ कन्व्हीनियंट स्टोअर' म्हणजे मला जायला बरं पडणारं कुठलंही दुकान, मग ते मोठं सुपरमार्केट का असेना. तैवानच्या विद्यार्थ्यांबरोबर हा मुद्दा रंगतो. तिथे चौकाचौकात अशी दुकानं आहेत आणि बिलं भरण्यापासून पार्सल उचलण्यापर्यंत सगळं तिथे होतं, त्यामुळे बोलायला भरपूर विषय मिळतो.

क्रियापद मात्र नाहीच. 'टु कन्व्हीनियंट अवर कस्टमर्स' हे चिनीत ठीक, इंग्रजीत नाही. गंमत अशी की उलट शब्दाचं क्रियापद आहे: 'आय डोन्ट वाँट टु इनकन्व्हीनियन्स यू.'

'ब्रिंग कन्व्हीनियन्स टु पीपल' ही शब्दजोडी चिनी निबंधांत आणि कंपन्यांच्या माहितीपत्रकांत सारखी भेटते. व्याकरणाने ती चूक नाही, पण इंग्रजीत असं सहसा कोणी बोलत नाही. 'इट मेक्स लाइफ ईझिअर' म्हटलं की वाक्य जिवंत होतं. 'ईझी' हा शब्द 'कन्व्हीनियंट'चा निम्मा भार उचलतो, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सांगते.

पत्रांमधली दोन वाक्यं अर्थाने जवळ वाटतात, सुराने नाहीत. 'अ‍ॅट युवर कन्व्हीनियन्स' म्हणजे सवडीने, घाई नाही. 'अ‍ॅट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' म्हणजे लवकरात लवकर, सभ्य भाषेत केलेला तगादा. वरिष्ठांना फाइल मागताना दुसरं वापरलं तर ते टोचू शकतं.

पायरी सातवी : टोमणा

चिनी विद्यार्थ्याला 'कन्व्हीनियंट' हा नेहमी चांगलाच शब्द वाटतो. इंग्रजीत तो वाकडाही चालतो. 'हाऊ कन्व्हीनियंट!' असं कोणी विशिष्ट सुरात म्हटलं तर ते कौतुक नसतं. 'अ कन्व्हीनियंट एक्स्क्यूज', 'ही कन्व्हीनियंटली फरगॉट' हेही तसंच. आपल्याला हे समजायला एक क्षणही लागत नाही, कारण 'सोयीस्करपणे विसरला' हे मराठीत रोजचं आहे. 'फांगब्येन'ला ही धार सहसा नसते, त्यामुळे हे ओळखायला शिकवावं, वापरायला नव्हे. मीटिंगमध्ये 'द रिपोर्ट वॉज कन्व्हीनियंटली लॉस्ट' असं ऐकल्यावर आरोप झालाय हे कळलं तरी खूप झालं.

उच्चार

मँडरिनमध्ये दात ओठाला लावून म्हणायचा 'व्ह' नाही, म्हणून 'कन्वीनियंट' असा गोल ओठांचा उच्चार येतो. आपणही इथे सावध राहावं. आपला 'व' इंग्रजीतल्या दोन आवाजांच्या मधोमध पडतो, त्यामुळे नुसतं 'माझ्यामागून म्हणा' करून भागत नाही. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायला सांगा, आरशात बघून. 'फ' त्यांना येतोच. त्याच जागी घशातून आवाज काढला की 'व्ह' होतो.

मँडरिनमधला शब्दाचा तुकडा शेवटी 'न' किंवा 'ङ' असा अनुनासिक घेऊ शकतो, 'ट' घेत नाही. म्हणून शेवटचा 'ट' गळतो. तो गळला की विशेषण आणि नाम यांतला फरकही अस्पष्ट होतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं व्याकरण चुकलं. जोर 'व्ही'वर द्यायचा, पहिल्या अक्षरावर नाही.

पायरी शेवटची : त्यांचाच मेल दुरुस्त करा

सराव-पुस्तकापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेला मेल कामाला येतो. साधारण असा असतो:

'डिअर सर, आर यू कन्व्हीनियंट टुमारो? आय अ‍ॅम कन्व्हीनियंट आफ्टर टू. द ट्रॅफिक ऑफ अवर फॅक्टरी इज व्हेरी कन्व्हीनियंट. अवर न्यू अ‍ॅप विल ब्रिंग यू मच कन्व्हीनियन्स. द प्राइस इज नॉट कन्व्हीनियंट टु से इन मेल.'

लाल पेन हातात घेऊ नका. प्रत्येक वाक्यापाशी थांबून 'काय सोयीचं?' विचारा आणि त्यालाच लिहू द्या. पहिल्याचं उत्तर 'उद्याचा दिवस', म्हणून 'वुड टुमारो बी कन्व्हीनियंट फॉर यू?' दुसऱ्यात तो स्वतःबद्दल बोलतोय, तेव्हा 'आय अ‍ॅम फ्री आफ्टर टू, शांघाय टाइम'. म्हणजे आपले साडेअकरा, आणि 'शांघाय टाइम' लिहिण्याची सवयही लागते. तिसरं 'अवर फॅक्टरी इज ईझी टु गेट टु'. चौथं 'अवर न्यू अ‍ॅप विल मेक ऑर्डरिंग ईझिअर'. पाचपैकी एकाच वाक्यात 'कन्व्हीनियंट' उरलं, तिथे ते चपखल बसलं.

पाचव्या वाक्याला घाई करू नका. तिथे आधी त्याला विचारा, तुला नक्की काय म्हणायचं होतं? किंमत मेलमध्ये लिहायची नाही पण फोनवर सांगता येईल, असं असेल तर 'आय कॅन गिव्ह यू द प्राइस ओव्हर द फोन'. किंमत अजून ठरलेली नसेल तर 'वुई विल हॅव द प्राइस बाय मंडे'. आणि सांगायचीच नसेल तर 'आय अ‍ॅम अफ्रेड वुई कान्ट शेअर दॅट प्राइस'. यातलं कुठलं लिहायचं ते त्याला ठरवू द्या, आणि तोच मेल त्याच दिवशी पाठवायला सांगा.